दोन लिटर काळजी

ग्रंथपालबाईंना गाडी चालवता येते, हे त्यांच्या घरच्यांना अजून नीटसं पटलेलं नाही. त्यांना गाडी चालवायला लागून सोळा वर्षं झाली, पण घरच्यांचं मत बदलायला सोळा वर्षं म्हणजे काही फार नव्हेत.

बाई एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय तळघरात. उजेड बेताचा, ओल भरपूर, आणि विद्यार्थी फक्त परीक्षेच्या आधी पंधरा दिवस. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "या वयात कशाला त्रास करून घेता, मावशी?"

"तुम्ही या वयात कशाला नसते प्रश्न विचारता?" बाई म्हणाल्या.

पुढचे वीस दिवस तो गृहस्थ "डावीकडे", "उजवीकडे" आणि "ब्रेक, ब्रेक!" यापलीकडे काही बोलला नाही.

निवृत्तीच्या वर्षी बाईंनी प्राचार्यांची सात वर्षं वापरलेली करडी गाडी विकत घेतली. किल्लीबरोबर प्राचार्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअलही दिलं. ते अजून मूळ प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवीचं तोंड फोडलेलं नव्हतं. प्राचार्य तीन विषयांचे पदवीधर होते. पण गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडून वाचायचं म्हणजे आपल्याला काही येत नाही अशी कबुली देण्यासारखं, आणि ती शिकलेला पुरुष सहसा देत नाही. गाडीचं ज्ञान त्याच्या अंगात दाढीमिशांबरोबर आपोआप उगवलेलं असतं. बाईंना दाढीमिशा नव्हत्या, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी पिशवी फोडली आणि दोनशे बारा पानं तीन दिवसांत संपवली. शेवटच्या पानावरची छपाईची चूकसुद्धा पेन्सिलीने दुरुस्त केली.

मग त्यांनी कार्डं केली. चौतीस वर्षं पुस्तकांची केली तशीच, पाच बाय तीनची. टायरचं एक कार्ड, बॅटरीचं एक, कुलंटचं, ब्रेक ऑइलचं, वायपरचं. धुराला तर तीन कार्डं: पांढरा, काळा, निळा. ही सगळी एका लांबट पत्र्याच्या डब्यात, आणि डबा ड्रायव्हरच्या सीटखाली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी गार असताना, बाई ती पाण्याच्या टाकीसमोरच्या काँक्रीटवर नेऊन लावत. घरापुढची गल्ली चढाची, तिथे गाडी नाक वर करून उभी राहते, आणि तिरप्या गाडीत इंजिन ऑइलचं माप खोटं येतं. हे मॅन्युअलच्या एकशे तिसाव्या पानावर लिहिलंय. टाकीसमोरचा तुकडा त्यांनी पाण्याने अर्धी भरलेली ताटली ठेवून तपासला होता, तो अगदी सपाट निघाला. तिथे पोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने स्वच्छ पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि मग बघायची. वरची खूण आणि खालची खूण यांच्या मध्ये ओल दिसली की झालं. मग कुलंटची टाकी, चारही टायरची हवा, स्टेपनीची हवा (ही कोणी बघत नाही, पंक्चर झालं की मग बघतात आणि कपाळाला हात लावतात), बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी. सगळं तारीख घालून कार्डावर. पाऊण तास लागे.

या पाऊण तासात घरातले पुरुष गॅलरीत उभे राहून गंमत बघत.

घरात तसे पुरुष दोनच. एक बाईंचे यजमान. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणात वीतभर फरक पडला तर हा माणूस तीन तीन दिवस उन्हात साखळी धरून उभा राहिलेला. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, बाईंचे दीर, वरच्या मजल्यावर राहणारे. हे पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात होते. होते म्हणजे तिथल्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायचे. पण बावीस वर्षं पंपांविषयी पत्रं लिहिली की माणसाला यंत्रातलं कळायला लागतं, असा त्यांचा दावा होता. तिसरे जावई, चार गल्ल्या सोडून राहणारे. जावयांनी कशातलंही काही केलेलं नव्हतं, पण सगळ्याचे व्हिडिओ पाहिलेले होते.

आता ताईंविषयी सांगायला हवं, कारण गाडी होती ती ताईंसाठी.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. वय शहात्तर, खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत, आणि तीन वर्षं टेकडीवरच्या शुश्रूषागृहात. गाव सोडून अठ्ठावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार चढाचे. बस पायथ्याशीच वळते. टॅक्सीवाला वर सोडतो, पण परत न्यायला कोणी येत नाही. ताईंची बुद्धी शाबूत होती आणि जीभ तर नव्यासारखी. तिथली माणसं चांगली होती, हीच ताईंची तक्रार. "काहीही म्हटलं तरी 'हो आजी, बरं आजी' करतात," ताई म्हणत. "मी म्हटलं सूर्य पश्चिमेला उगवतो, तरी 'हो आजी'. अशाने माणूस मरतो, धाकटे." म्हणून बाई दर सोमवारी आणि गुरुवारी भांडायला जात. वर्तमानपत्र न्यायच्या, एक बातमी वाचायच्या आणि मग दोघी बहिणी दोन तास त्या बातमीवरून एकमेकींची सालं काढायच्या. संध्याकाळी ताईंचं ब्लडप्रेशर अगदी ठीक यायचं. तिथल्या सिस्टरने ते बाईंना तक्ता दाखवून सांगितलं होतं.

घोळ त्या वर्षीच्या तीन घटनांनी केला.

पहिली घटना बॅटरीची. एका सोमवारी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. बाईंनी आत पाहिलं तर छतातला दिवा मंदसा लागलेला. आदल्या दिवशी जावयांनी गाडीत "जरा बघतो" म्हणून बसून काय बघितलं होतं ते त्यांनाच माहीत, दिवा मात्र रात्रभर जळत राहिला. बाईंनी शेजाऱ्यांची गाडी समोरासमोर आणायला सांगितली, जंपर केबल काढल्या. लाल टोक आधी आपल्या बॅटरीच्या अधिकला, मग शेजाऱ्यांच्या अधिकला. काळं त्यांच्या उण्याला, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. दहा मिनिटांत गाडी सुरू. जावई गॅलरीतून म्हणाले, "आई, बॅटरी बाद झालीय. व्हिडिओत अगदी असंच होतं."

दुसरी घटना टेकडीच्या चढावर. तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. बाईंनी एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, धोक्याचे दिवे लावले आणि बाहेर दगडावर जाऊन बसल्या. बसल्या बसल्या घरी उशीर होईल असं कळवायची चूक केली. फोन दिरांनी घेतला.

"वहिनी, आधी रेडिएटरचं झाकण उघडा! वाफ बाहेर पडू दे!"

"उघडते. भाजल्यावर मलम तुम्ही आणून देणार का?"

"पंपांमध्ये आम्ही असंच…"

बाईंनी फोन ठेवला. पाऊण तास थांबल्या, झाकणाला हात लावून गार झालंय बघितलं, फडकं धरून हळू सोडलं, पाणी घातलं. रबरी नळीचा पट्टा ढिला झाला होता, तिथून गळत होतं. पट्टा आवळला, गेल्या. ताईंनी पाऊण तास उशिराचं भांडण वेगळं काढलं, ते धरून त्या दिवशी दोन भांडणं झाली.

तिसरी घटना साधं पंक्चर. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक लावायचा. लोक उलटं करतात आणि चाक हवेत गरगर फिरवत बसतात. बाईंनी पस्तीस मिनिटांत स्टेपनी चढवली. घरी आल्यावर हात काळे दिसले म्हणून विचारपूस झाली, नाहीतर कोणाला कळलंही नसतं.

पण कळलं. आणि तीन ही संख्या वाईट असते. पुरुषांना तीन मिळाले की ते बैठक भरवतात.

बैठक दिवाणखान्यात झाली. दीर वरून खाली उतरले, जावई आले, लेक येऊन जाऊन आत चहा करत राहिली. मोजणीसाहेबांनी चष्मा लावला.

"अगं, प्रश्न तुझ्या चालवण्याचा नाहीच," ते म्हणाले. हे वाक्य आलं की प्रश्न त्याचाच आहे हे बाई ओळखून होत्या. "प्रश्न गाडीच्या वयाचा आहे."

"अठरा वर्षांची आहे. तुम्ही बहात्तरचे."

"मला चढ चढायचा नाही."

"वहिनी, यंत्राला एक आयुष्य असतं," दीर म्हणाले. "पंप घ्या…"

"पंप नको, चहा घ्या भाऊजी."

"आई, रस्त्यात एकट्या अडकलात तर?" जावई म्हणाले.

"तीनदा अडकले. तिन्हीदा एकटीच सुटले. तुम्ही कोणी आला होतात का?"

यावर तिघांनी चहा प्यायला. मग ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि बाईंनी, वाद वाढवून सोमवार चुकवायचा नव्हता म्हणून, मान डोलावली: यापुढे एकदा जरी गाडी बिघडली, तर विकायची. मग ताईंकडे कसं जायचं, असं बाईंनी विचारलं. तिघांनी एकदमच सांगितलं, "आम्ही आहोत ना!" फार मोठ्यानं सांगितलं.

त्या रात्री बाईंना झोप आली नाही. 'आम्ही आहोत ना' या वाक्यावर विसंबून त्यांनी आयुष्यात तीन गोष्टी सोडल्या होत्या आणि तिन्ही गेल्या होत्या. एखाद्या सोमवारी जावयांना मीटिंग असणार. गुरुवारी दिरांचा गुडघा दुखणार. मोजणीसाहेब 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणणार, आणि पुढचा आठवडा ही त्यांनी कधीच न मोजलेली जमीन होती. वर टेकडीवर ताई 'हो आजी, बरं आजी' ऐकत बसणार.

त्यामुळे पुढचे तीन आठवडे बाईंनी गाडीला जिवापलीकडे जपलं. रविवारी टाकीसमोर नेऊन सगळं पुन्हा तपासलं. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. कार्डावर लिहिलं, सोमवारी ताईंकडे जाऊन आल्या. गाडी शहाण्यासारखी चालली.

गुरुवारी ती शहाण्यासारखी चालली नाही.

गावातून बाहेर पडेपर्यंत काही वाटलं नाही. मग एक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओझं वाहिल्यासारखी चालतेय असं वाटायला लागलं. चढाला लागल्यावर जळक्या ऑइलचा वास आला. बाईंनी आरशात पाहिलं. मागे निळसर धुराचा लोट, आणि लोटात एक मोटारसायकलवाला नाकावर रुमाल धरून शिव्या घालत होता. शुश्रूषागृहाचं फाटक दोनशे पावलांवर दिसत होतं. बाईंनी पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू फाटकातून आत घेतली, फरशीच्या अंगणात लावली आणि बंद केली. गाडीने शेवटचा एक निळा ढेकर दिला.

बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल जाळतंय म्हणजे इंजिनाचं आतलं काहीतरी गेलं असण्याची शक्यता. आतलं गेलं तर दिवाणखान्यात परत बैठक भरवायचीही गरज नव्हती.

व्हरांड्यातून ताईंचा आवाज आला. "धाकटे, काय पेटवून आणलंस?"

"गप्प बस जरा."

"अगंबाई! नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम गप्प बस. आज दिवस चांगला जाणार."

बाईंनी घरी फोन केला. लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ग्रंथालयात पुस्तक हरवलं तरी त्या स्वतः वर जाऊन सांगायच्या. मोजणीसाहेबांना म्हणाल्या, "गाडीतून धूर येतोय. निळा. मी ताईकडे आहे, ठीक आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मोजणीसाहेब म्हणाले, "निळा म्हणजे… कशामुळे येतो तो?" आवाज चोरट्या मुलासारखा. बाईंना आश्चर्य वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

पन्नास मिनिटांत जावयांची गाडी फाटकातून आत आली आणि तिच्यातून तिघंही उतरले. तीन वर्षांत हे तिघं एकदम इथे पहिल्यांदाच येत होते. ताईंनी खुर्ची पुढे ढकलायला लावली.

"या, या! माझं काही बरंवाईट झालं असं वाटलं का? नाही झालं. गाडीचं झालंय. तिच्यासाठी आलात, तेव्हा तिकडे जा."

"नाही हो ताई, तुम्हालाच भेटायला…" दीर म्हणाले.

"तीन वर्षांत रस्ता सापडत नव्हता वाटतं. मोजणीसाहेब तर रस्तेच मोजायचे."

मोजणीसाहेबांनी फरशी मोजायला घेतली, नजरेने.

बाईंनी बॉनेट उघडलेलंच होतं. दहा मिनिटं उलटून गेली होती आणि अंगण सपाट होतं. त्यांनी पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. आणि तशीच धरून राहिल्या.

ओल वरच्या खुणेपर्यंत नव्हती. तिच्याही वर, चांगली दोन बोटं वर होती. पट्टीची निम्मी कांडी ऑइलने निथळत होती.

रविवारी मध्यावर असलेलं ऑइल गुरुवारी वाढून वर आलं होतं. ऑइल काही विरजण लावलेलं दूध नव्हे, आपोआप फुगायला.

"ऑइल जास्त झालंय," बाई म्हणाल्या. "पुष्कळ जास्त. आत फेस होतोय आणि तो फेस इंजिन जाळतंय. मी घातलेलं नाही. कोणी घातलं?"

अंगणात तीन पुरुष उभे होते. एक आकाशाकडे बघत होता, एक फोनकडे, एक बुटांकडे.

"भाऊजी?"

"वहिनी, आता कसं आहे…" दिरांनी घसा साफ केला. "मंगळवारी मी सहज पट्टी बघितली. अगदी तळाशी होती. म्हटलं, तुमच्या लक्षात आलं नसेल. म्हणून घातलं. थोडंसं."

"किती?"

"एक बाटली. लिटरची."

"गल्लीत बघितलीत? चढावर?"

"तिथेच तर उभी असते."

"इंजिन बंद करून?"

"बंद कशाला? चालू असताना बघितलं की सगळं खरं कळतं. पंपाचं प्रेशर आम्ही चालूच…"

"इंजिन चालू असताना ऑइल सगळं वर फिरत असतं, भाऊजी. खाली पट्टीला लागणार काय? कपाळ?"

जावई खुदकन हसले. बाई तिकडे वळल्या.

"आणि तुम्ही?"

"मी… आई, मी बुधवारी घातलं. पण मी व्हिडिओ बघून घातलं. त्यात स्पष्ट सांगितलंय, जुन्या गाडीला ऑइल थोडं जास्तच लागतं."

"पट्टी बघितलीत?"

"पट्टी कुठे असते ते त्या व्हिडिओत नव्हतं. अर्धा लिटर घातलं फक्त."

आता राहिले मोजणीसाहेब. त्यांनी बुटांवरची नजर काढली आणि शेवटी, कुंपणाच्या खटल्यात साक्ष देताना बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "आज सकाळी. तू अंघोळीला गेली होतीस. वर एक झाकण असतं, त्यावर ऑइलच्या डब्याचं चित्र आहे. ते उघडून घातलं."

"किती?"

"अंदाजाने."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वीतभर जमिनीसाठी तीन दिवस उन्हात उभा राहिलेला माणूस.

"अंदाजाने?"

"अर्धा लिटर असेल. अर्धी बाटली राहिलीय."

"म्हणजे दोन लिटर," बाई म्हणाल्या. "मध्यावर असलेल्या इंजिनात तुम्ही तिघांनी मिळून दोन लिटर ओतलंत. आणि एकमेकांना सांगितलंही नाहीत."

"काळजी वाटली म्हणून, आई," जावई म्हणाले.

ताईंना इतकी मजा गेल्या तीन वर्षांत आली नव्हती. "काळजी कसली, ते मी सांगते ना," त्या म्हणाल्या. "गाडी बिघडली तर विकायची, असं ठरलंय ना तुमचं? धाकटीने सांगितलंय मला. मग गाडी गेल्यावर हिला सोमवार-गुरुवार इथे आणणार कोण? तुम्ही आहातच. म्हणून गाडी बिघडू नये याची तुम्हाला काळजी. रात्री झोप नसेल लागत बिचाऱ्यांना. पंपवाल्यांना वाटलं आपल्या गळ्यात सोमवार, जावयांना वाटलं गुरुवार…"

जावयांचे कान लाल झाले. दीर गाडीच्या टायरची पाहणी करायला लागले. बाईंच्या लक्षात आलं की ताईचा नेम नेहमीप्रमाणे अचूक लागला आहे, आणि त्यांना अचानक हसू यायला लागलं. ते त्यांनी आवरलं. आत्ता हसणं म्हणजे माफी, आणि माफीला अजून वेळ होता.

"गॅरेजवाल्याला बोलावू का?" जावयांनी विचारलं. "टो करून नेतील."

"म्हणजे गावभर मिरवणूक. नको."

ऑइल खालून नट उघडून काढतात, पण त्यासाठी गाडी वर उचलायला हवी. वरून काढायचं तर पट्टीच्याच भोकातून काढता येतं. पाहिजे फक्त बारीक नळी आणि ओढायला काहीतरी. बाई सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने विचारलं, "कोणत्या पेशंटला?" बाईंनी अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवलं. सिस्टर चांगली होती, पण या वेळी 'हो आजी' म्हणाली नाही, म्हणाली, "मी पण येते बघायला." पन्नास मिलीची नवी सिरिंज आणि हातभर लांब नळी घेऊन आली.

बाईंनी नळी पट्टीच्या भोकात घातली, तळ लागला तशी बोटभर वर घेतली. सिरिंजचा दट्ट्या ओढला. काळसर सोनेरी ऑइल वर आलं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पिचकारी.

"एक," ताई म्हणाल्या.

"दोन."

बाईंचं मनगट आठव्या खेपेला दुखायला लागलं. मोजणीसाहेब पुढे झाले. "दे. मी ओढतो."

"अंदाजाने ओढायचं नाही."

"नाही ओढणार."

आणि नाही ओढलं. दर वेळी डोळ्यांसमोर सिरिंज धरून, पन्नासच्या रेघेवर ऑइलची कड बरोबर टेकली आहे की नाही हे बघून मगच बाटलीत सोडत होते. एकदा दोन मिली जास्त आलं तर ते परत सोडलं. बाईंनी पाहिलं आणि त्यांना त्या माणसाशी आपण लग्न का केलं होतं ते अंधुकसं आठवलं. दीर बाटली धरून उभे होते. जावयांना एअर फिल्टरचं खोकं उघडून आतलं ऑइल पुसायला बसवलं होतं, कारण फेस तिथवर चढला होता. त्यांनी व्हिडिओ लावू का असं विचारलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. जावयांनी फोन खिशात घातला.

ताईंनी अडतीस मोजले तेव्हा पट्टीवरची ओल दोन खुणांच्या बरोबर मध्ये आली. पुसून तीनदा खात्री केली.

"अडतीस पन्नासे एकोणीसशे," मोजणीसाहेब म्हणाले. "शंभर मिली कमी येतंय."

"ते वाटेत धूर झालं. मोटारसायकलवाल्याने ओढलं."

बाई गाडीत बसल्या. किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी एकदा डोळे मिटले, देवाला नव्हे, त्या देवाच्या भानगडीत पडत नसत, उगीच मिटले. गाडी सुरू झाली. मागून धूर आला. निळा. सगळे बघत उभे. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. मग धूर विरळ झाला, मग नुसता वास उरला, मग तोही नाही. इंजिन ताईंच्या नाडीसारखं एकसुरी चालायला लागलं.

"झाली," जावई म्हणाले. "आई, आपण केली दुरुस्त!"

"आपण बिघडवली होती," बाई म्हणाल्या. "दुरुस्त मी केली."

दीर दोन पावलं पुढे आले. "वहिनी, ते विकायचं वगैरे…"

"विका ना," ताई व्हरांड्यातून म्हणाल्या. "सोमवारी कोण येतंय, तेवढं आत्ता सांगा. मी सिस्टरला लिहून ठेवायला सांगते. अकरा वाजता यायचं, वर्तमानपत्र आणायचं, आणि माझ्याशी दोन तास भांडायचं. 'हो ताई' म्हणणारा नको."

सिस्टर खरंच खिशातलं पेन काढायला लागली.

दिरांच्या गुडघ्याने तेवढ्यात डोकं वर काढलं. जावयांची सोमवारी मीटिंग निघाली, आणि गुरुवारीही निघाली. सगळं बाईंनी त्या रात्री पडल्या पडल्या बघितलं होतं तसंच, फरक एवढाच की आता मोठ्याने आणि साक्षीदारांसमोर. बाईंनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गाडी माझ्याकडेच राहणार. बिघडली तर मी निस्तरेन. नाही निस्तरता आलं तर गॅरेजला नेईन. तुमच्यापैकी कोणीही बॉनेटला हात लावायचा नाही. धुवायची असेल तर धुवा, बाहेरून."

कोणी नाही म्हणालं नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि ते इतकं स्पष्ट दिसत होतं की ताईंना टोमणा मारायचीही गरज वाटली नाही. दीर आणि जावई आपल्या गाडीकडे गेले. घाईघाईने.

मोजणीसाहेब गेले नाहीत. त्यांनी हात पुसायला फडकं मागून घेतलं, आणि बाईंचं ताईंशी त्या दिवसाचं राहिलेलं भांडण होईपर्यंत व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. भांडण वर्तमानपत्रातल्या एका पुलाच्या बातमीवरून झालं. मध्येच ताईंनी त्यांनाही ओढलं. पुलाची लांबी त्यांनी चुकीची सांगितली असं ताईंचं म्हणणं पडलं, आणि मोजणीसाहेब तावातावाने उठून उभे राहिले. चाळीस मिनिटं चाललं. सिस्टर दोनदा येऊन बघून गेली.

संध्याकाळी उतार उतरताना ते बाईंच्या शेजारी बसले होते आणि मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत होते. धूर नव्हता. पायथ्याशी आल्यावर त्यांनी मान सरळ केली, थोडी चोळली, आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "अगं, एकोणीसशेतलं माझं पाचशेच होतं हां. बाकीचं त्या दोघांचं."

बाईंनी गिअर बदलला.

"आणि पूल सव्वाशे मीटरचाच आहे," ते म्हणाले. "गुरुवारी येतो मी. दाखवतो तुझ्या ताईला नकाशा."

"सोमवारी या," बाई म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत ती दुसरी बातमी धरेल."